शाळेतली ब्रँडी

१६५८ साल. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, डच ईस्ट इंडिया कंपनीचा तळ पडून सहा वर्षं झालेली. यान व्हान रीबेक हा तिथला कमांडर. मार्चअखेर ‘आमर्सफोर्ट’ नावाचं जहाज लागलं. आत अंगोलातून पकडलेले गुलाम. पोर्तुगीजांनी धरलेले, डचांनी त्यांच्याकडून लुटलेले. चोरावर मोर! त्यात बरीचशी कोवळी पोरं अन् पोरी. कमांडरसाहेब रोजनिशीत कुरकुरतो, ही अजून चार-पाच वर्षं काही कामाची नाहीत.

मग त्यानं काय केलं? शाळा काढली. १७ एप्रिल १६५८. ख्रिस्ती प्रार्थना शिकवायच्या. पोरांचं मन लागावं म्हणून धडा संपला की प्रत्येकाला एक पेला ब्रँडी अन् दोन इंच तंबाखू. ही गोष्ट कुणा वैऱ्यानं लिहिलेली नाही. साहेबानं आपल्याच हातानं लिहून ठेवलीय, बिनदिक्कत, किराणाचा हिशोब लिहावा तशी.

दोस्तांनो, आपण फुले-आंबेडकरांची लेकरं. शाळा म्हटलं की आपल्याला बेडी तुटल्याचा आवाज येतो. पण शाळा कोण काढतो अन् पोराच्या हातात काय देतो, हेही बघावं लागतं.

दुसऱ्याच वर्षी, १६५९ ला, केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली. मळे वाढले. मळ्यात राबायला गुलाम आणले, त्यात आपल्याकडचे बंगाल, मलबार, कोरोमंडलचेही होते. आणि मजुरीत वाइन द्यायची रीत पडली. तिला म्हणतात डॉप. सकाळी कामाला लागताना एक मग, न्याहारीला एक, दुपारी एक, सांजेला एक. बाजारात न खपणारी हलकी वाइन मजुराच्या पोटात ओतायची अन् तेवढी रोकड वाचवायची. १८३४ ला गुलामी कायद्यानं गेली, डॉप गेला नाही. पोरगा शाळा सोडून मळ्यात आला की त्याच रांगेत उभा. मालक म्हणणार, ह्यांना हेच लागतं. आणि बापाला वाटणार, पोरगा कमावता झाला! मालकाच्या म्हणण्यापेक्षा मला ह्या बापाच्या वाटण्याची जास्त भीती वाटते.

१९६० नंतरच्या दशकात मजुरीत दारू देण्यावर बंदी आली. मळ्यावर तिला कोण विचारतो! १९९० पर्यंत रीत चालूच. वेलिंग्टन ह्या द्राक्षमळ्यांच्या गावात पहिलीच्या पोरांची तपासणी झाली. २००० साली आकडे छापून आले: हजारात चाळीसहून जास्त पोरं आईच्या पोटातच दारूनं अधू झालेली. आईला शिव्या घालू नका. तिच्या घरात ही दारू मजुरी म्हणून आली होती.

शहरातली तऱ्हा निराळी. डर्बनच्या नगरपालिकेनं १९०९ पासून काळ्यांच्या बिअरचा धंदा आपल्या ताब्यात घेतला. सरकारी बिअर हॉल काढायचे अन् त्या नफ्यातून काळ्यांच्या वस्तीचा कारभार चालवायचा. म्हणजे तुझ्यावर पहारा ठेवायचा खर्च तूच पिऊन भरायचास. हा नमुना पुढं देशभर गेला. १९५९ ला डर्बनच्या केटो मॅनर वस्तीतल्या बाया काठ्या घेऊन बिअर हॉलात शिरल्या अन् पिणाऱ्या पुरुषांना झोडपून बाहेर काढलं.

आपल्या आया-आज्यांना हे नवं नाही. डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं, नवरा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. अन् नुसता नवरा नाही, मुलगासुद्धा! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यातही दारू आहेच. आणि आज आपल्या वस्तीत मोठी माणसं काय म्हणतात? “बाहेर पिण्यापेक्षा आपल्यासमोर घेतलेली बरी.” “जयंतीचा दिवस आहे, पोरांना नाचू द्या.” मिसरूड न फुटलेल्या पोराला मिरवणुकीआधी क्वार्टर कोण आणून देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच निवडणुकीत बूथवर बसलेला असतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७७ आहे. अठराच्या आतल्या पोराला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड. पण त्याच्यावर फिर्याद द्यायला जाणार कोण? तो तर आपलाच दादा.

सोवेटोच्या पोरांनी दादा बघितला नाही अन् बापही बघितला नाही. १६ जून १९७६. आफ्रिकान्स भाषेची सक्ती नको म्हणून शाळकरी पोरं रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन पडला. त्यानंतर पोरं वळली ती प्रशासनाच्या कचेऱ्यांकडं, आणि बिअर हॉल अन् दारूच्या दुकानांकडं. दुकानं पेटली, बाटल्या रस्त्यावर फुटल्या. काहींनी लुटून ढोसलीही, खोटं कशाला बोला! पण घोषणा होती: दारू कमी करा, शिक्षण चांगलं द्या. पोरांना दोन्हीचा संबंध कळला होता. शाळेला पैसा नाही अन् बिअर हॉल दर कोपऱ्यावर. बापाची मजुरी तिथं जिरते अन् त्याच पैशावर वस्तीचं ऑफिस चालतं, पास तपासणारं.

पुढच्या महिन्यांत विद्यार्थी परिषदेनं वस्तीतल्या गुत्त्यांनाही बजावलं, बंद करा. हे गुत्ते गोऱ्यांचे नव्हते. ते आपल्याच शेजारणींचे होते, त्यावर त्यांची चूल पेटायची. पोरांना हे माहीत होतं. तरी ती त्यांच्या दारात गेली.