छपरावरचा बाजा

सांभाळून पाय टाका, आपण छपरावर आहोत. वर्ष 1940 च्या आगेमागे, शहर रिओ द जानेरो. समोर दिसतंय ते साओ जानुआरिओ, वास्को द गामा क्लबचं मैदान. ‘वास्को’ म्हटल्यावर तुम्हाला गोव्यातलं स्टेशन आठवलं ना? माणूस तोच. इथे त्याच्या नावाने फुटबॉल खेळतात. सोबत एखादे जुने गोंयकार काका असते तर दुभाषाही लागला नसता, भाषा पोर्तुगीजच.

सामना आत चाललाय आणि त्याचं धावतं वर्णन करणारा माणूस मात्र बाहेर, तुमच्या शेजारी. त्याच्या जिभेला वैतागून क्लबने त्याला दारातच अडवलं, म्हणून तो वर चढला. चष्मा, मिशी, हातात माइक. आरी बारोझो. रेडिओवर फ्लामेंगो या दुसऱ्या क्लबची बाजू घेतो, आणि ते लपवतही नाही.

त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघा. जत्रेत पोरांना घेऊन देतो तसला छोटा माउथ ऑर्गन आहे.

तो कशाला, ते रेडिओ ऐकणाऱ्याच्या जागी बसून बघा. एरवी समालोचक गर्दीला खेटूनच बसतो. गोल झाला की अशी आरोळी उठते की ‘गोल’ हा शब्दच तिच्यात बुडतो. घरी कान लावून बसलेल्याला कळतं की काहीतरी झालं. पण कुणी केलं? आरी बाजा तोंडाला लावतो. तो बारीक, टोकदार सूर सगळा गोंगाट कापून घराघरात पोचतो. फ्लामेंगोचा गोल असेल तर सुरांची लांबलचक माळ, संपता संपत नाही. समोरच्यांचा असेल तर एक तुटक फुंकर, उधारी चुकवल्यासारखी. मग कुणी गोल केला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पत्रकारितेच्या परीक्षेत हा माणूस सपशेल नापास व्हावा. तरी आतून एकाच्या बाजूने असून वरून तटस्थपणाचा आव आणणाऱ्यांपेक्षा मला हा परवडतो.

आता 1939 मध्ये चला. रात्र, बाहेर धो धो पाऊस. आरीला बाहेर पडायचं होतं, पण घरातच अडकलाय. पियानोपाशी बसतो. बोटं जुनी सरावलेली आहेत. मिनास जेराइस प्रांतातल्या उबा गावात 1903 साली जन्म, आठव्या वर्षी आईबाप गेले, आजोळी वाढला. पोरवयातच मूकपटांना पियानोची साथ केली. पुढे कायद्याची पदवी घेतली, ती तशीच राहिली. आज पावसाच्या त्या दणदणाटातून त्याला ढोलांचा आडताल वेगळा ऐकू येतो, निदान पुढे तो तसं सांगणार आहे. त्याच रात्री ‘आक्वारेला दो ब्राझील’ हे गाणं तयार. ब्राझीलचं जलरंगातलं चित्र. फ्लामेंगोपलीकडे न बघणारा माणूस गाण्यात मात्र अख्खा देश रंगवतो, आणि थोडा भडकच रंगवतो.

पुढच्या वर्षी कार्निव्हलच्या स्पर्धेत हे गाणं पहिल्या तिनातही येत नाही. परीक्षकांचे प्रमुख थोर संगीतकार विला-लोबोस. त्यांच्याशी आरीचा अबोला वर्षानुवर्षं टिकतो. रेफरीवर चिडावं तसा.

तेच गाणं 1942 मध्ये डिस्नेच्या ‘सालुदोस आमिगोस’ या चित्रपटात वाजतं आणि जगभर जातं. 1944 मध्ये आरी हॉलिवूडला पोचतो. तिथल्या ‘ब्राझील’ या चित्रपटातल्या त्याच्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळतं. डिस्ने त्याला तिथेच नोकरी देऊ करतात. हा नको म्हणतो. कारण? इथे फ्लामेंगो नाही. किस्सा सांगणाऱ्यांनी त्याला थोडी फोडणी दिली असेलही, पण माणूस परत आला हे खरं.

शेवटचा मुक्काम 9 फेब्रुवारी 1964, कार्निव्हलचा रविवार. इम्पेरिओ सेरानो हे सांबा पथक आज त्याच्याच गाण्याला मानवंदना देणार आहे. मिरवणुकीच्या विषयाचं नावही त्यावरूनच, ‘आक्वारेला ब्राझिलेइरा’. तुम्ही गर्दीत उभे आहात. पथक निघायच्या आधीच बातमी आली आहे की आरी गेला. वय साठ.

पथक निघतं. शेजारचा माणूस तुमच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतोय. ओठ हलताना दिसतात. ढोलांपुढे एक शब्दही ऐकू येत नाही.