दोन चाके आणि हक्काची रजा



सायकलचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे बसले. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे स्टार्लीने दोन्ही चाके सारखी करून मागच्या चाकाला साखळी जोडली. १८८८ साली डनलॉपने हवेची रबरी धाव आणली. आणि १८९१ साली फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी ती धाव सहज काढता-घालता येईल अशी केली. हे सारे खरे आहे. परंतु मी कामगारांत वावरणारा माणूस. मला दुसराच प्रश्न पडतो. सायकलवर बसून माणूस कामावर गेला हे समजते. पण काही काम नसताना, केवळ मुलूख पाहावा म्हणून तो केव्हा निघाला? आणि त्याला निघू कोणी दिले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला प्रथम फ्रान्सात जावे लागते. त्या देशाची घडण सायकलस्वाराला मोठी अनुकूल. पॅरिसच्या नैर्ऋत्येस बोस नावाचे गव्हाचे सपाट मैदान आहे. आपल्या हिंगणघाटच्या काळ्या रानासारखे, दूरवरून गावाचा कळस दिसावा असे. दक्षिणेकडे गेले की मध्य फ्रान्सचा जुना डोंगराळ प्रदेश लागतो. या डोंगरांच्या पायथ्याशी सेंत-एतिएन हे कोळशाचे, बंदुकांचे आणि पुढे सायकलींचे कारखाने असलेले कामगारांचे शहर वसले. तेथे पॉल द व्हिव्ही हा गृहस्थ राहत असे. जन्म १८५३ चा. रेशमाचा व्यापार सोडून त्याने सायकलचे दुकान घातले, १८८७ साली सायकलस्वारांसाठी नियतकालिक काढले आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो सर्वतोमुखी झाला. शहराच्या दक्षिणेस १,१६१ मीटर उंचीची एक खिंड आहे. तो चढ छाती न फुटता कसा चढावा, या चिंतेतून त्याने एकाहून अधिक गतींच्या दात्यांचे प्रयोग केले. आज ज्याला आपण गिअरची सायकल म्हणतो, तिच्या वाढीत या माणसाचा वाटा मोठा. तो शाकाहारी होता; भूक लागण्यापूर्वी थोडे खावे, दमण्यापूर्वी थांबावे आणि दिमाखासाठी कधीच पाय मारू नये, अशी त्याची शिकवण होती. वर्ध्याच्या एखाद्या आश्रमात हा गृहस्थ सहज रमला असता!

१९०३ साली एका वृत्तपत्राने फ्रान्सभोवतीची प्रसिद्ध शर्यत सुरू केली आणि देश सायकलवेडा झाला. तथापि, रस्ते होते, नकाशे होते, सायकलही हळूहळू स्वस्त झाली. तरी कारखान्यातला कामगार त्या डोंगरांपलीकडे फारसा दिसला नाही. कारण सोपे आहे. १९०६ च्या कायद्याने त्याला आठवड्याची एक सुटी मिळाली होती. एका दिवसात जाऊन परत येता येईल, तेवढेच त्याचे जग. सोमवारी सकाळी भोंगा वाजला की फाटकाशी हजर असले पाहिजे. म्हणजे रस्त्याची लांबी सडक बांधणारा इंजिनियर ठरवीत नव्हता. ती हजेरीचे पुस्तक ठरवीत होते.

ही लांबी वाढविली १९३६ च्या संपाने. त्या वर्षी मे-जून महिन्यांत फ्रान्सभर कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडले. ७ जूनला मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. २० जूनला लेऑं ब्लूम यांच्या सरकारने कायदा करून प्रत्येक कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांची पगारी रजा दिली आणि पुढच्याच दिवशी आठवड्याचे चाळीस तास ठरविले. क्रीडा व विरंगुळा या खात्याचे तरुण मंत्री लेओ लाग्रांज यांनी सवलतीचे रेल्वे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात पाच-सहा लाख माणसांनी त्याचा लाभ घेतला. ज्यांना तेही परवडले नाही ते सायकलीवर निघाले. नवरा पुढे, बायको मागे, अशा जोडसायकली मैदानांतून आणि डोंगरांतून धावू लागल्या. कित्येकांनी समुद्र त्याच वर्षी प्रथम पाहिला. पुढे देश पडला, आणि १९४२ साली रियोम येथे ब्लूम यांच्यावर खटला चालला. तेव्हा आपल्या कामाचे समर्थन करताना त्यांनी न्यायासनापुढे याच जोडसायकलींचा दाखला दिला. आपण लोकांच्या काळोख्या आयुष्यात थोडा उजेड आणला, असे त्यांचे म्हणणे होते.

आता त्याच १९३६ सालचा आपला वर्धा जिल्हा पाहा. फ्रान्सातील कायद्याच्या बरोबर एक्कावन्न दिवस आधी, ३० एप्रिलला, गांधीजी मगनवाडीहून पायी चालत शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. महादेवभाई देसाई मगनवाडीत राहत आणि वैशाखाच्या उन्हात शेगावला पायी जाऊन पायीच परत येत. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा याच भूमीतून हैदराबादकडे निघाले तेही पायीच, आणि त्या यात्रेतून भूदान जन्मले. असा हा पायी चालणाऱ्या थोरांचा जिल्हा.

सायकल येथे आली ती मात्र कष्टकऱ्याची होऊन. सोनीपत आणि लुधियाना येथे देशी कारखाने १९५० नंतरच्या दशकात उभे राहिले, आणि मग ती खेड्यापाड्यांत पोचली. दूधवाल्याच्या किटल्या, पोस्टमनची थैली, मास्तरांचा डबा, भाजीची टोपली, सारे तिने वाहिले. हिंगणघाट, पुलगावच्या गिरण्यांत पाळीला येणारा आसपासच्या खेड्यातला माणूस तिच्यावरच येई. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला, तर दंडही तोच भरी. पावसाळ्यात काळी माती चाकाला आणि मडगार्डला अशी धरते की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते; उन्हाळ्यात बाभळीचा काटा आणि सराटा आहेच. इतके करून ज्याने तीस तीस वर्षे ती चालविली, त्याला आपण ‘सायकलस्वार’ म्हटले का? नाही. तो शब्द आपण शर्यतीत उतरणाऱ्यासाठी राखून ठेवला.

आपल्या जिल्ह्यातले रस्ते काही कमी रम्य नाहीत. वर्ध्याहून सेवाग्राम, पवनार, सेलू, केळझर ही एका दिवसाची वाट. पण उत्तरेकडे आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूला सातपुड्याचे फाटे सुरू होतात. सागाची राने लागतात, चढ-उतार येतात. ज्या आष्टीत १९४२ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी रक्त सांडले ती आष्टी याच वाटेवर आहे. आर्वी वर्ध्यापासून पन्नास किलोमीटरांच्या पुढे. तेथवर जाणे, डोंगर पाहणे आणि परत येणे हे एका सुटीत बसत नाही. आठवडी सुटीच्या माणसाला मैदान मिळते, डोंगर मिळत नाहीत!

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना अशा भटकंतीची हौस नाही. हे मला मान्य नाही. गिरडच्या टेकडीला, घोराडच्या यात्रेला, पंढरीच्या वारीला माणसे जातातच. पगार बुडवून जातात. मात्र देवाचे निमित्त असावे लागते. निमित्तावाचून गरिबाने प्रवास केला तर तो आळस ठरतो आणि श्रीमंताने केला तर पर्यटन ठरते.

हौस आणि हिंमत दोन्ही आहेत, हे याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाने दाखविले. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. तरुणपणी त्यांच्यापाशी शर्यतीची मोटार होती. पुढे वरोऱ्यास वकिली करीत असता त्यांनी सफाई कामगारांची संघटना बांधली आणि स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी घेतली. त्याच बाबांनी डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ‘भारत जोडो’ची हाक दिली. कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर निघाली आणि १९८६ च्या एप्रिलपर्यंत काश्मीरच्या वाटेने पाच हजार किलोमीटरांचा मुलूख त्यांनी तुडविला. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे पडून बरोबर होते. १९८८-८९ मध्ये ईशान्येच्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत दुसरी यात्रा झाली. पंजाब जळत होता, भाषा-धर्मांच्या भिंती उंच होत होत्या. अशा वेळी सायकल निवडण्यात शहाणपण होते. मोटारीची काच खाली करावी लागते, सायकलला काचच नसते. सायकलस्वाराला पाणी मागावे लागते, वाट विचारावी लागते, आणि ज्याला वाट विचारली त्याला परका मानणे कठीण जाते.

आता हिशेबाकडे येतो. आपल्या देशात १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस, असा हक्क दिला. २०२० च्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली गेली. कागदावर हे ठीक आहे. पण ज्याचा कंत्राटदार दिवस भरण्याआधीच त्याचे नाव उतरवितो, जो आज या आणि उद्या त्या दारी उभा राहतो, जी बाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचते, त्यांचे दिवस कोण मोजणार? त्यांच्याजवळ सायकल आहे, आता मोटारसायकलही आहे. नाही तो मोकळा दिवस.

तेव्हा श्रोतेहो, या हिवाळ्यात आपली मुले गिअरच्या सायकली घेऊन बोरच्या धरणाकडे जातील, त्यांना खुशाल जाऊ द्या. फक्त घरी गेल्यावर एक करा. आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई, दुकानातला पोऱ्या, बांधकामावरचा मिस्त्री, यांना वर्षाकाठी पगारासह किती दिवस मोकळे मिळतात, हे त्यांना विचारा. येणारा आकडा लहान असेल, तर तो मोठा करणे काही अंशी तुमच्या-माझ्याच हाती आहे. फ्रान्समध्ये तो शून्यावरून पंधरावर गेला, तेव्हाच डोंगराची वाट कामगाराला खुली झाली.