पाणथळ जागा, खर्डी परिसरातील : पुनरुज्जीवन व देखरेख

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, कसारा घाटाच्या पायथ्याकडे असलेल्या खर्डीभोवतीची आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातील गावतळी, पाझर तलाव, नद्यांचे डोह, ओहोळांचे दलदलीचे काठ आणि भातखाचरे यांचा समावेश या नोंदीत होतो. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवली आहे. पाणी नैसर्गिक असो वा अडवलेले, बारमाही असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, ती जागा पाणथळच मानली जाते. भारत या करारात १९८२ मध्ये सामील झाला.

खर्डीच्या पश्चिमेला तानसा (धरण पूर्ण १८९२), वायव्येला वैतरणेवरील मोडकसागर आणि दक्षिणेला भातसा असे तीन मोठे जलाशय असून तिन्हींचे पाणी मुंबईला जाते. देशाच्या पाणथळ जागा संवर्धन नियमांतून (२०१७) मात्र पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले जलाशय, नदीपात्रे आणि भातशेती वगळलेली आहेत. त्यामुळे या परिसरातील सर्वांत मोठे जलाशय आणि सर्वांत विस्तीर्ण उथळ पाणी ही दोन्ही या नियमांच्या संरक्षणाबाहेर राहतात. कोकणापुरता विचार केला तर ही त्रुटी गंभीर आहे. येथे भातखाचर हीच पावसाळ्यातली मुख्य दलदल असते.

वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही शहापूरच्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याचे मूळ भूस्तरात आहे. काळ्या पाषाणाच्या थरांत पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या मुरमात साठते, ही साठवण थोडी असते आणि उतारामुळे ती लवकर रिती होते. खाचर, तळे आणि ओहोळाचा भिजलेला काठ हे पाणी काही आठवडे थोपवून धरतात. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल आणि हरभरा निघतो. जूनमध्ये पहिल्या पुरासरशी मासे नदीतून ओहोळाने वर चढून खाचरांत अंडी घालतात. याला ठाणे-रायगडकडे वलगण म्हणतात. कोणत्या ओहोळाला कोणता मासा कधी चढतो, हे येथील कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी पिढ्यान् पिढ्या जाणतात. चढणीच्या वाटेवर उंच सिमेंट बंधारा आला की ही साखळी तुटते, आणि बंधाऱ्यामागे पाणी कितीही साठले तरी ती पाणथळ जागा निम्मी मेलेली असते.

देखरेखीची साधने वेगवेगळ्या संस्थांच्या हाती आहेत. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रह प्रतिमांवरून २०११ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागा त्यात क्षेत्रफळासह आल्या आणि त्याहून लहान साडेपाच लाखांवर जागा केवळ बिंदूंनी दाखवल्या गेल्या. खर्डीकडची बहुतेक गावतळी या बिंदूंच्याच मापाची. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या प्रतिमा निरुपयोगी ठरतात. तेव्हा युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार कामी येते, कारण ते ढगांआडूनही पाण्याचा पसारा टिपते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. या गणनेत बदके आणि तुतवार मोजले जातात, पण कमळपक्षी आणि टिबुकली यांची पावसाळी वीण तिच्या कक्षेबाहेर राहते. येथे जुलै-ऑगस्टमधील गणना जानेवारीइतकीच आवश्यक आहे.

अनेक संस्थांनी मिळून देखरेख कशी करावी याचा नमुना याच पाण्याच्या खालच्या टोकाला आहे. भातसा व काळू नद्यांचे पाणी कल्याणजवळ उल्हास नदीत येते, आणि उल्हासचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीला जोडलेला आहे. ही खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली. तेथे वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांचे दीर्घकालीन अभ्यासकार्य चालू आहे. २०२२ मध्ये सहा रोहितांना उपग्रह-यंत्रे बसवल्यावर त्यांचा गुजरातपर्यंतचा प्रवास कळला. घाट चढून पलीकडे गोदावरीवरचे नांदूर मधमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ (२०१९) आहे. या दोन स्थळांच्या मधल्या शहापूर-मुरबाडमध्ये तशी सलग नोंद अजून उभी राहिलेली नाही.

 

पुनरुज्जीवन म्हणजे केवळ खोदकाम, असा समज येथे रुजला आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने (२०१७) गाळ शेतात गेला, हे उपयुक्तच. परंतु काठ उभे कापले की उथळ कडा नाहीशी होते, आणि पाणवनस्पती, बेडूक व पक्ष्यांची घरटी यांचा आधार तीच कडा असते. काठ उतरता ठेवावा, तळ्याचा एक कोपरा न उपसता सोडावा म्हणजे मातीतले बी व कंद टिकतात, बंधाऱ्याला माशांसाठी वाट ठेवावी आणि चिलापीसारखे परके मासे सोडू नयेत. काम सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि नंतर किमान तीन वर्षे पाण्याची पातळी, मासे व पक्षी यांची नोंद नसेल, तर तळे सुधारले की बिघडले हे सांगता येत नाही.

जैवविविधता कायद्याने (२००२) प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. उपग्रह, विहिरी आणि पक्षीगणना यांची माहिती गावात एकत्र येण्याची हीच जागा होय. शहापूर-मुरबाडच्या ग्रामपंचायतींनी आपल्या तळ्यांची खोली, ओहोळांच्या वाटा आणि वलगणीच्या जागा येत्या जूनपूर्वी या नोंदवहीत लिहाव्यात, आणि संशोधकांनी आपला अभ्यास तिथून सुरू करावा.