दिवसा राम, रात्री कृष्ण : गंजिफ्यातील लढाईचे नियम

१/ काल्पनिक विश्वांवर बेतलेल्या आजच्या पत्तेखेळांत प्रत्येक पत्त्याला स्वतःचे सामर्थ्य असते. १९९३ साली आलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग'मध्ये तर पत्त्यावर छापलेला नियम मूळ नियमावलीलाही बाजूस सारतो. देव, राजे, शस्त्रे आणि विशेष नियम यांचा एक खेळ आपल्याकडेही शतकानुशतके खेळला गेला : गंजिफा. हा धागा त्याच्या नियमांविषयी.

२/ बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसन अर्घूनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे अबुल फजलने आईन-इ-अकबरीत १२ रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या संचाचे वर्णन केले. त्यात अश्वपती आणि गजपती आहेत, तसेच वनपती आणि सर्पांचा स्वामी अहिपतीही आहे.

३/ महाराष्ट्रात रुजला तो दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात १२ पत्ते, एकूण १२०. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. पत्ते गोल. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर परशू.

४/ पहिला विशेष नियम : राजा आणि प्रधान सर्वत्र श्रेष्ठ, परंतु त्यांच्याखालचा क्रम निम्म्या रंगांत उलटा. पाच रंगांत प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत दुबळा. उरलेल्या पाच रंगांत प्रधानानंतर थेट एक्क्याचा मान, आणि दश्शी तळाला. एका रंगातील सर्वांत क्षुद्र आकडा दुसऱ्या रंगात सेनानी ठरतो.

५/ दुसरा नियम घड्याळाचा. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा, त्याने पहिली उतारी करायची. रात्री तो मान कृष्णाच्या राजाचा. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. मुघल परंपरेच्या ९६ पत्त्यांच्या गंजिफ्यात हाच मान दिवसा सोन्याच्या नाण्यांच्या रंगाला, रात्री चांदीच्या नाण्यांच्या रंगाला मिळतो.

६/ तिसरी गोष्ट म्हणजे जे या खेळात नाही ते : हुकूम. मेंढीकोटात हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्याला मारते. गंजिफ्यात असा चमत्कार नाही. उतारी ज्या रंगाची, लढाई त्याच रंगात. परक्या रंगाचा राजाही तेथे निष्प्रभ. मग जिंकायचे कशाने? स्मरणाने. राजा आणि प्रधान खेळून गेले की त्यांच्याखालचे पान अजिंक्य होते. पण ते गेले आहेत हे लक्षात हवे. तिघांत प्रत्येकी ४० पाने, आणि गेलेल्या प्रत्येक पानाचा हिशेब डोक्यात.

७/ छापील पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेला गंजिफा मागे पडला. सावंतवाडीत ही कला विझण्याच्या बेतात असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७०च्या दशकात राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले.

८/ त्यामुळे चित्रे वाचली. डाव मात्र मांडला जातो तो फार थोड्या घरांत. हे संच बहुधा शोभेची वस्तू म्हणून घेतले जातात. चित्र काचेआड टिकते. नियम टिकतो तो खेळणाऱ्यांच्या स्मरणात. सावंतवाडीचा संच हाती आला तर तो भिंतीवर टांगू नका. तिघे जमा, बाहेर ऊन आहे की चांदणे ते पाहा, आणि पहिली उतारी करा.