गॉथिक मुद्राक्षरे

पश्चिम यूरोपात बाराव्या शतकापासून रूढ झालेल्या टोकदार व दाट हस्तलेखन-वळणावरून घडविलेली मुद्राक्षरे. ‘गॉथिक’ म्हणजे रानटी, हे नाव इटालियन मानवतावाद्यांनी तुच्छतेने दिले. गॉथ लोकांशी या वळणाचा संबंध नाही. (अमेरिकेत टोकांना फाटे नसलेल्या साध्या अक्षरांसही गॉथिक म्हणतात, त्यामुळे नावावरून शोध घेताना घोटाळा होतो.)

योहान गूटेनबेर्कने माइन्त्स येथे सु. १४५५ मध्ये छापलेल्या ४२ ओळींच्या बायबलची अक्षरे टेक्स्टुरा वळणाची होत. पुढे सम्राट पहिला माक्सिमीलिआन याच्या प्रार्थनापुस्तकासाठी (१५१३) फ्राक्टुर वळणाची अक्षरे घडविण्यात आली व कालांतराने ते जर्मनांचे जणू राष्ट्रीय वळण ठरले. नाझी राजवटीने आरंभी त्याचा गौरव केला. मात्र ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकान्वये मार्टिन बोरमानने गॉथिक अक्षरे ‘ज्यू अक्षरे’ म्हणून त्याज्य ठरविली. हा दावा सर्वस्वी निराधार होता. त्या परिपत्रकाचा शिरोलेखही गॉथिक अक्षरांतच छापलेला होता. व्याप्त देशांतील वाचकांना ती दुर्बोध वाटत, हेच खरे कारण असावे. युद्धोत्तर पिढ्यांना मात्र आजोबांच्या कपाटातील पुस्तके वाचणे अवघड झाले.

संगणकासाठी असे अनेक अक्षरसंच आता विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांपैकी मुक्त परवान्याचा ‘युनिफ्राक्टुर मागुंटिया’ हा १९०१ च्या माइन्त्सर फ्राक्टुरवर आधारलेला आहे. निव्वळ शोभेसाठी काढलेल्या पुष्कळ संचांत लांब ‘एस’ व जोडाक्षरे नसतात. जुना जर्मन मजकूर त्यांतून यथार्थ जुळविता येत नाही.