पडके, ओस, मोडकळीस : पडझडीच्या तीन शब्दांचा इतिहास

हिंदीतील ‘खंडहर’ या शब्दाची फोड कोशकार ‘खंड’ आणि ‘घर’ अशी करतात. भग्न वास्तूला एकाच नामात सामावून घेण्याची ही सोय रूढ मराठीने फारशी स्वीकारलेली नाही. ‘भग्नावशेष’ हा संस्कृत समास प्रामुख्याने मंदिरे, किल्ले यांच्यासाठी राखीव राहिला. राहत्या घराच्या पडझडीसाठी मराठी विशेषणांचा आणि क्रियापदबंधांचा आश्रय घेते : पडके घर, ओस पडलेला वाडा, मोडकळीस आलेली इमारत. हे प्रयोग सर्रास समानार्थी मानले जातात. त्यांची घडण तपासली असता मात्र ती एकाच घटनेची तीन भिन्न निदाने आहेत, असे दिसून येते.

‘पडका’ हे ‘पडणे’पासून साधलेले विशेषण. संस्कृत ‘पत्’, प्राकृत ‘पडइ’ आणि मराठी ‘पडणे’ हा त्याचा वंशक्रम सुपरिचित आहे. याच धातूचे प्रयोजक रूप ‘पाडणे’. म्हणजे कर्ता दाखविण्याचे साधन भाषेजवळ आहे. ‘पडका’ म्हणताना ते बाजूस ठेवले जाते. ‘फाटका’, ‘तुटका’, ‘मोडका’ यांप्रमाणे येथेही केवळ अवस्था सांगितली जाते. घर पडले, कोणी पाडले नाही.

हे व्याकरणिक मौन किती फसवे आहे, ते रत्नागिरीच्या दक्षिणेस असलेल्या पावससारख्या गावात ध्यानी येते. (या ग्रामनामाचा संबंध थेट ‘पाऊस’शी जोडण्याचा मोह होतो, पण ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.) जांभ्याचे जोते, मातीच्या भिंती, लाकडी वासे आणि उतरते कौलारू छप्पर ही येथील जुन्या घराची रचना. मुसळधार पावसाच्या या किनाऱ्यावर असे घर टिकते ते दरवर्षीच्या शाकारणीवर. शाकारणी चुकली की कौल सरकते, पाणी वाशात मुरते, वासा कुजतो, उघडी पडलेली मातीची भिंत खचते आणि शेवटी जोते तेवढे उरते. म्हणजे ‘पडके’ या शब्दाने सांगितलेली अवस्था ही न झालेल्या कामाची बेरीज असते. ते काम करणारी माणसे कोठे गेली, हा प्रश्न हे विशेषण विचारीत नाही.

तो प्रश्न ‘ओस’ हा शब्द विचारतो. संस्कृत ‘उद्वस’, प्राकृत ‘उव्वस’ हे त्याचे पूर्वरूप. त्याच्या पोटात ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू आहे. ओस होण्यासाठी भिंत खचावी लागत नाही, वस्ती उठावी लागते. घर धडधाकट असूनही ओस असू शकते. उलट, पडक्या घरातही कोणी नांदत असेल तर ते ओस नसते. ‘घरात दिवा लावायला कोणी नाही’ हा वाक्प्रयोग याच निदानाचा. पावसमध्येच याची दुसरी बाजूही दिसते. स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांचे वास्तव्य असलेले देसाई कुटुंबाचे ‘अनंत निवास’ हे घर आजही जपलेले आहे. घराचे आयुष्य त्याच्या वयापेक्षा राबत्यावर ठरते, हेच त्यातून दिसते.

गिरण्यांच्या काळापासून कोकणातील माणूस मुंबईच्या चाळीत गेला. गावचे घर ओस पडू लागले आणि शहरात त्याची गाठ तिसऱ्या शब्दाशी पडली : ‘मोडकळीस आलेली इमारत’. ‘डबघाईस’, ‘मेटाकुटीस’, ‘जेरीस’ यांप्रमाणे ‘मोडकळीस’ हे रूपही बहुधा ‘येणे’ याच क्रियापदासोबत वावरते. या साऱ्या प्रयोगांत कोणी एका टोकास पोहोचतो. त्याला तेथवर कोणी आणले, ते वाक्याबाहेर राहते. वास्तविक ‘मोडणे’ हे क्रियापद सकर्मक आणि अकर्मक असे दोन्ही चालते : खुर्ची मोडली, आणि त्याने खुर्ची मोडली. ‘मोडकळीस येणे’मध्ये त्यातील अकर्मक बाजू तेवढी शिल्लक उरली. प्रशासनाला हा शब्द मानवला, तो बहुधा त्यामुळेच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीशी बांधले. दुरुस्तीत मालकाला स्वारस्य उरले नाही. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. पुढे १९७७ मध्ये ते काम म्हाडाकडे आले. मालक, भाडेकरू आणि शासन असे तीन कर्ते असलेली ही कथा ‘मोडकळीस आली’ या शब्दांत मात्र कर्त्यावाचून सांगितली जाते.

साहित्याने हे मौन कसे हाताळले, याचे एक लक्षणीय उदाहरण महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात आहे. वऱ्हाडातील देशपांडे कुटुंबाचा वाडा खचत असताना शीर्षक पडझडीचा एकही शब्द उच्चारीत नाही. ते चिऱ्यांच्या भक्कमपणाचे नाव घेते. त्यामुळे ‘कोणामुळे?’ हा प्रश्न विशेषणात विरून न जाता पात्रांच्या वर्तनात शोधावा लागतो.

म्हणून या तीन शब्दांतील निवड ही केवळ शैलीची बाब नव्हे. ‘पडके’ काळाकडे बोट दाखविते, ‘मोडकळीस’ स्थितीची नोंद करते, ‘ओस’ माणसाची आठवण ठेवते. पडक्या घरावर लिहिणारा लेखक यांपैकी कोणता शब्द उचलतो, यावरच त्याने इतिहासातील कोणाला साक्षीस बोलावले आणि कोणाला मोकळे सोडले, हे ठरते.