ॲनालॉग व डिजिटल रेडिओचे सहप्रक्षेपण : उल्हास खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुंबई परिसरातील नभोवाणीचा आरंभ १९२३ मध्ये रेडिओ क्लबच्या हौशी प्रक्षेपणाने झाला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. १९३० मध्ये ही कंपनी अवसायनात गेल्यावर शासनाने हे कार्य हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. १९४९ मध्ये फाळणीग्रस्त सिंधी निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. हे शहर, तसेच अंबरनाथ व बदलापूर येथील श्रोतृवर्ग प्रामुख्याने मुंबईच्या केंद्रांवरच अवलंबून राहिला.

सहप्रक्षेपणाचे स्वरूप :
आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी 'डीआरएम' ही डिजिटल पद्धती स्वीकारून तीसहून अधिक प्रक्षेपक त्यासाठी सज्ज केले. सहप्रक्षेपणात एकाच प्रक्षेपकावरून ॲनालॉग संकेत व त्यालगतच्या कंप्रतेवर डिजिटल संकेत पाठविला जातो. जुना संच पहिला, तर नवा संच दुसरा संकेत ग्रहण करतो. डिजिटल पद्धतीत ध्वनीचे अंकांत रूपांतर व संक्षेपण होते. परिणामतः एकाच वाहिनीत एकाहून अधिक कार्यक्रम व मजकूर सामावतो आणि वीजही कमी लागते. मात्र संकेत क्षीण होताच डिजिटल आवाज एकदम थांबतो, तर ॲनालॉग आवाज खरखरीसह ऐकू येत राहतो.

स्थानिक महत्त्व :
हा भेद केवळ तांत्रिक नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठच्या वस्त्या जलमय झाल्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली व हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. वीज व मोबाइल सेवा खंडित झाल्यास बॅटरीवरील रेडिओ हे सूचनेचे साधन उरते. डीआरएममध्ये आपत्कालीन इशाऱ्याची सोय आहे. संच त्यानुसार आपोआप इशाऱ्याच्या कार्यक्रमाकडे वळू शकतो. परंतु ज्याच्या घरी डिजिटल संच नाही, त्याच्यापर्यंत तो इशारा पोहोचत नाही.

समारोप :
नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद केले; तेथे डिजिटल संचांचा प्रसार आधी झाला होता. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांतील खासगी रेडिओसाठी सहप्रक्षेपणाचीच शिफारस केली. उल्हास खोऱ्याचा अनुभव पाहता हा मार्ग योग्य ठरतो. स्वस्त डिजिटल संच सामान्य कुटुंबाच्या हाती येईपर्यंत ॲनालॉग प्रक्षेपण बंद करणे म्हणजे पूररेषेतील श्रोत्यालाच सर्वप्रथम वंचित ठेवणे होय.